बघीराचं काही बिघडलं नाही

लहानपणीच्या एखाद्या कार्टूनवर सिनेमा येतोय असं कळलं, की आमच्या दादाचा चेहरा वाडा रिकामा करायची नोटीस आल्यासारखा होतो. चाळिशी ओलांडलेला माणूस. सातपूरला कारखान्यात तीस जण हाताखाली. पण ट्रेलर बघताना मोबाइल हातभर लांब धरतो आणि एक डोळा बारीक करतो, जणू आत काही अभद्र असलं तर निम्मंच दिसावं. एकदा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. मला वाटलं आईला काही झालं. तर म्हणाला, "दात बघितलेस का? अगं, त्याला दात कशाला दिलेत?"

हे 2019 सालचं. सॉनिक नावाचा निळा, काटेरी, सुसाट पळणारा प्राणी, मूळचा व्हिडिओ गेममधला. त्याच्या सिनेमाचा पहिला ट्रेलर आला आणि त्यात त्याला चक्क माणसासारखी बत्तिशी होती. जगभरातून अशी काही ओरड झाली की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलतो म्हणून जाहीर केलं आणि नोव्हेंबरमधला सिनेमा पुढच्या फेब्रुवारीवर गेला. दादा खूश. "बघ, ऐकतात लोकांचं!" बिचारा सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षं गळक्या टाकीबद्दल बोलतोय, तिथे कुणी ऐकत नाही. अमेरिकेत दात बदलले गेले याचा आनंद त्याला साहजिकच जास्त.

खरं म्हणजे सॉनिक हा काही त्याच्या जिव्हाळ्याचा नव्हे. जिव्हाळ्याचा म्हणजे मोगली. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात, मधल्या खोलीत, सरकत्या दाराचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जंगल बुक लागायला लागलं. अंघोळ केल्याशिवाय टीव्हीसमोर बसायचं नाही, हा आजीचा नियम. त्यामुळे वर्षभरात फक्त रविवारीच आमच्या मोरीसमोर रांग लागायची. मोगली करडा, जंगल करडं, अकडू-पकडू लांडगेही करडेच. बघीरा मुळातच काळा, त्यामुळे आमच्या टीव्हीत त्याचं काही बिघडलं नाही. गाण्यात फुलाला चड्डी घातली होती. त्या चड्डीचा रंग कुठला यावरून दादाचं आणि माझं जोरदार भांडण व्हायचं. तो लाल म्हणायचा, मी पिवळी. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटवायची आमची दोघांचीही इच्छा नाही.

मोगलीकडे बूमरँग होतं. फेकलं की शत्रूला लागून परत हातात. दादानं कोपऱ्यावरच्या सुताराकडून प्लायवूडचा तुकडा मागून आणला, शाळेच्या पट्टीनं कोन आखला आणि करवतीनं कापून घेतला. कडा काचेच्या तुकड्यानं घासल्या. वर आजीच्या देवघरातलं कुंकू तेलात कालवून पट्टे ओढले. (आजीला हे पुष्कळ उशिरा कळलं.) शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळी पोरं गंगेवर गेलो. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात, गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात. दुतोंड्या मारुतीकडे तोंड करून दादा उभा राहिला, एक पाय मागे घेतला आणि अंगातलं सगळं बळ लावून फेकलं. गेलं सुरेख. जरा डावीकडे वळलंही. मग पाण्यात पडलं. एक आजोबा धोतर पिळत होते, ते म्हणाले, "कुणाचं रे विसर्जन?" दादा काठावर तसाच हात पुढे करून उभा होता, बराच वेळ.

म्हणून 2016 मध्ये जंगल बुकचा नवा, मोठा सिनेमा येणार हे कळल्यावर घरात काय झालं असेल, त्याची कल्पना करा. जॉन फॅवरो नावाचे दिग्दर्शक, जंगल आणि प्राणी सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, मोगली तेवढा खरा मुलगा. दादानं दोन महिने आधीपासून नाही जायचं असं ठरवलं होतं. मग बातमी आली की हिंदीत शेरखानला आवाज पुन्हा नाना पाटेकरांचाच आहे आणि ते गुलजार-विशाल भारद्वाजांचं गाणंही नव्यानं ध्वनिमुद्रित केलंय. याला मी शुद्ध लाच म्हणते. दादानं ती घेतली. पहिल्या रविवारी सकाळच्या खेळाची पाच तिकिटं काढली आणि सगळ्यांना अंघोळ करून यायला सांगितलं.

शेरखान पहिल्यांदा बोलला तेव्हा दादानं खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावरचा वाघ इतका खरा की मिशीचा केस न केस मोजावा, पण दादानं डोळे मिटले होते. तो नुसता ऐकत होता. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत म्हणाला, "चांगलंय." मग जरा थांबून, "पण बूमरँग कुठाय?" सिनेमा संपून नावं यायला लागली तरी तो उठेना. मला वाटतं तो शेवटपर्यंत वाट बघत होता.

घरी येऊन मी जरा शोधाशोध केली आणि मग मला हसूच आवरेना. ज्याला आम्ही 'मूळ' जंगल बुक म्हणत होतो, ते 1989 साली जपानमध्ये तयार झालेलं. तिथल्या निप्पॉन ॲनिमेशनचं, बावन्न भागांचं. त्याच्यामागे 1894 चं इंग्रजी पुस्तक. ते लिहिणारा रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मलेला, पण मोगलीच्या गोष्टी त्यानं अमेरिकेत बसून लिहिल्या. गोष्टी कुठल्या, तर मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरातल्या. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं अमेरिकेत बसून लिहिलेलं सिवनीचं जंगल जपान्यांनी काढलं, त्यातला वाघ मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाच्या आवाजात हिंदी बोलला, आणि पंचवटीतल्या आमच्या दादाला वाटतं की या अस्सल गोष्टीला कुणी हात लावू नये! बूमरँग तर पुस्तकात नाहीच. मी हे सगळं दादाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग पुस्तकात चूक असेल."

यात मला आजी दिसली. 1987 मध्ये टीव्हीवर रामायण सुरू झालं, तेव्हा सगळा वाडा आमच्याकडे जमायचा. काही जण सेटला हार घालायचे. आजी मात्र भिंतीला टेकून, जरा नाराजच. आई अजून सांगते, पहिल्या काही भागांनंतर आजीनं निकाल दिला होता, "मुलगा गुणी आहे. पण आपला राम इतका गोरा नाही हो." ती रोज पहाटे काळारामाच्या काकड आरतीला जाणारी. काळ्या पाषाणातली ती मूर्ती पन्नास-साठ वर्षं पाहिलेली बाई पडद्यावरचा राम कसा मान्य करणार? याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये लंकादहन केलं, त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके नावाच्या एकाच नटानं केल्या होत्या. आजीनं ते पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, याचा विचार करायला मला आवडतं.

पण दादाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर तो हे वाचून चिडेल. काही गोष्टी खऱ्या केल्या की खरंच मरतात. द लायन किंगचंच बघा. 1994 च्या सिनेमात सिंहांना भुवया होत्या. बाप गेल्यावर त्या पिल्लाच्या भुवया अशा काही वर जायच्या की आपल्या घशात आवंढा. 2019 मध्ये याच फॅवरोंनी तो सिनेमा हुबेहूब खऱ्या सिंहांसारख्या सिंहांचा केला. खऱ्या सिंहाला भुवया नसतात. त्यामुळे दुःख असो, आनंद असो, चेहरा बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसाचा. टॉम आणि जेरीच्या बाबतीत हे शहाणपण सुचलं. 2021 च्या सिनेमात माणसं खरी ठेवली, पण त्या दोघांना चित्रच राहू दिलं. बरं झालं. डोक्यात इस्त्री बसली की टॉमचं तोंड इस्त्रीच्या आकाराचं होतं, हे फक्त चित्रातल्या बोक्याला शोभतं. खऱ्या बोक्याचं तसं झालं तर मी रिक्षा करून दवाखाना गाठेन.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं आहे. माझा चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ती चित्रमालिका 1991 पासून पेपरात यायची आणि मी पेपर तिथूनच उघडायचे. चौकटीतल्या चिंटूला आवाज नव्हता, म्हणून मी त्याला माझ्या आतेभावाचा दिला होता, थोडा घोगरा, कायम सर्दी झालेला. 2012 मध्ये चिंटूचा सिनेमा आला. मुलगा गोड होता, कामही छान करत होता. पण त्याला सर्दी नव्हती. मी थिएटरात बसून एका परक्या मुलाकडे बघत राहिले आणि हे कुणाला सांगताही येईना.

दादाचा मुलगा 2008 चा, छोटा भीमही 2008 चाच. दोघं बरोबरीनं वाढले म्हणायला हरकत नाही. टुनटुन मावशीचे लाडू मिळाले नाहीत म्हणून या पोरानं एकदा दिवाळीत आईचे बेसनाचे लाडू नाकारले होते. 2024 च्या मे महिन्यात भीमचा खऱ्या माणसांचा सिनेमा आला. दादा उत्साहानं म्हणाला, "अरे, अनुपम खेर आहेत. जाऊन तर बघू. पोरं काहीतरी नवीन करतायत, आधीच नाकं कशाला मुरडायची?"

मी दादाकडे बघतच राहिले. त्याला स्वतःला काही जाणवलं नाही.

भाचा सोफ्यावर आडवा. आता सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, कुणाशी फार बोलत नाही. ट्रेलर लावून त्यानं मोबाइल हातभर लांब धरला होता आणि एक डोळा बारीक केला होता.

"आत्या," तो म्हणाला, "आवाज ऐक ना. हा भीमचा आवाज आहे का?"