कर्नलमध्ये पॅच पाठवताना एका ‘कशाला?’पाशी अडकलो

लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलने पाठवायची तांत्रिक तयारी एका संध्याकाळी होते. पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने मेंटेनरची, म्हणजे पॅच तपासून स्वीकारणाऱ्यांची, नावं काढा, गिट सेंड-ईमेलने पाठवून द्या. माझे सहा आठवडे गेले ते मेंटेनरच्या एका ओळीच्या उत्तरापायी.

‘हा स्पिनलॉक इथे कशाला?’ एवढंच उत्तर. (स्पिनलॉक म्हणजे एकाच वेळी दोघांनी तोच डेटा हाताळू नये म्हणून घातलेलं कुलूप.) ना नमस्कार, ना आभार. आपल्याकडे साहेबाने ‘हे कशाला केलंस?’ विचारलं की ते मुकाट्याने काढून टाकायचं असतं. ‘येस सर, विल फिक्स’ लिहिलं, लॉक काढला, तासाभरात व्ही२ (दुसरी आवृत्ती) रवाना. त्यावर आला थेट नॅक, म्हणजे नकार: आता रेस होणार (दोघं एकाच वेळी तोच डेटा हाताळणार), आणि आधी लॉक का होता हे अजून सांगितलेलंच नाही.

तो खरंच प्रश्न होता! आपण टोमण्यांत वाढलेली माणसं, शब्दांमागचा अर्थ शोधत बसतो. इथे मागे काही नसतं. उत्तर असं द्यायला हवं होतं: मेलमधली फक्त ती ओळ ठेवायची, बाकीचं छाटायचं आणि तिच्याखाली लिहायचं, ‘इंटरप्ट हँडलर काउंटर वाढवतो, रीड तो वाचून शून्य करतो, म्हणून लॉक. तोही आयआरक्यूसेव्ह, कारण रीडने लॉक धरलेला असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला तर डेडलॉक.’ (इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरची मध्येच येणारी हाक, आयआरक्यूसेव्ह म्हणजे लॉक धरताना त्या सीपीयूवर ती थांबवणारा प्रकार, डेडलॉक म्हणजे कायमचं अडकणं.) हेच कमिट मेसेजमध्येही, म्हणजे पॅचसोबतच्या टिपणात, हवं. माझ्या मेसेजमध्ये ‘काय बदललं’ होतं, ‘का’ नव्हतं. काय बदललं ते तर डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, दिसतंच. पटलं नाही तर कारण देऊन ‘नाही’ म्हणावं, कोणी रागावत नाही. उलट, प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्यावर त्यांचा भरवसा बसत नाही. आणि ‘सर’ नको, पहिलं नाव पुरतं.

दुसरी चूक घाईची. नवी आवृत्ती किंवा आठवण, निदान आठवडाभर थांबून. मर्ज विंडोचे (आधी तयार झालेले बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे) दोन आठवडे चालू असतील तर त्याहून जास्त. माझा व्ही३ नेमका त्यातच गेला आणि ती शांतता मी रुसवा समजलो.

अपमान मात्र सोसायचा नाही. २०१८च्या सप्टेंबरमध्ये खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने आपल्या भाषेबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नलला आचारसंहिता आली. ‘हा कोड चुकीचा आहे’ ही समीक्षा. ‘तुला अक्कल नाही’ याची तक्रार करता येते. माझ्या वाट्याला फक्त पहिलंच आलं, हे कबूल करायला हवं.

व्ही४ला ‘अप्लाइड, थँक्स’ आलं. दोन शब्द, पण त्या दिवशी मी जेवताना तीनदा फोन उघडून ते वाचले.

हो, एक राहिलंच: आधीच्या आवृत्तीपासून काय बदललं ते (व्ही३: लॉक परत आणला, कारण लिहिलं) कमिट मेसेजनंतरच्या तीन डॅशच्या ओळीखाली टाका, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. आणि ब्राउझरमधल्या जीमेलमधून पॅच चिकटवू नका. टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही.