सोलरचा अर्ज: पाच किलोवॉट म्हणजे नेमके कुठले पाच?

घरचं सोलर वीज कंपनीच्या तारेला जोडायचं तर कंपनीकडे अर्ज करावा लागतो. समजा छतावर ५५० वॉटची १२ पॅनेल, खाली ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र. अर्जातल्या ‘क्षमता’ या रकान्यात काय लिहायचं, ६.६ की ५? पॅनेलची बेरीज ६.६ येते, पण ती डीसी बाजूची. तारेवर इन्व्हर्टर फार तर ५ सोडणार आणि तारेची काळजी वाहणाऱ्या वीज कंपनीला मुख्यतः तोच एसी आकडा हवा असतो. काही फॉर्म दोन्ही विचारतात, काही नुसतंच ‘क्षमता’ म्हणून मोकळे होतात. इथेच घोडं पेंड खातं. अर्जात ६.६, आराखड्यात ५, डेटाशीटवरून उचललेला केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपिअर, क्षमता मोजायचं दुसरं एकक) आकडा तिसराच, आणि फाइल परत. घरगुती जोडणीचा अर्ज खऱ्या तांत्रिक दोषापायी कमी अडतो. कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून जास्त.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि सगळ्या नोंदी एकदाच, मूळ ठिकाणावरून उतरवा. ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि फेज (सिंगल की थ्री) बिलावरून. नाव बिलावर आहे तसंच, आद्याक्षरांसकट. बिल अजून आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी ते बदलून घ्या. सोलरचा अर्ज चालू असताना नाव बदलायला गेलात तर दोन्ही फाइली एकमेकींची वाट बघत बसतात. इन्व्हर्टरचं मॉडेल त्याच्या नावपट्टीवरून, शेवटच्या अक्षरापर्यंत. मॉडेलच्या नावामागचं एखादं अक्षर सुटलं की तो कागदोपत्री वेगळा इन्व्हर्टर होतो, आणि जोडलेलं प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही.

प्रमाणपत्राचा एवढा आग्रह का, हे कळलं की ते मिळवण्याचा कंटाळा जरा कमी होतो. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला खालच्या घरातून उलटी वीज आली तर? ही भीती खरी आहे. म्हणून ग्रिड, म्हणजे कंपनीच्या तारांचं जाळं, बंद पडलं की इन्व्हर्टरने स्वतःहून सुटं व्हायचं. त्याची चाचणी कशी घ्यायची ते आयईसी ६२११६ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि आयईसी ६१७२७ प्रमाणे हे २ सेकंदांच्या आत व्हावं लागतं. वीज परत आल्यावरही लगेच जोडून घ्यायचं नसतं, थोडा वेळ ग्रिड स्थिर आहे का ते बघायचं. इन्व्हर्टरच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२१०९, पॅनेलसाठी ६१२१५ आणि ६१७३०. विक्रेत्याने दिलेली रंगीत माहितीपत्रिका म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रयोगशाळेचं नाव, मॉडेलची यादी आणि मुदत असलेला कागद मागून घ्या.

याच्या शेजारी एक निरुपद्रवी दिसणारा प्रश्न असतो: इन्व्हर्टरमध्ये कुठला ग्रिड कोड, म्हणजे कुठल्या देशाच्या व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा, निवडला आहे? जर्मनीत जुने सोलर इन्व्हर्टर ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की एकदम बंद पडतील अशा सेटिंगचे होते. एखाद-दुसरा असता तर कुणाला कळलंही नसतं. पण एवढ्या छतांवरची वीज एकाच क्षणी गायब झाली तर अख्खं ग्रिड डगमगेल, हे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये तिथे बसवलेल्या यंत्रांची सेटिंग बदलण्याचा नियमच करावा लागला. तुमचा इन्व्हर्टर कारखान्यातून कुठल्या तरी दुसऱ्याच देशाच्या कोडवर येऊ शकतो. कोड बदलून घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. सेटिंगला नंतर पासवर्डचं कुलूप लागतं.

आता सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे अर्जासोबतचा जोडणीचा आराखडा. याला शोभेचं चित्र समजणारे बरेच आहेत. पॅनेलपासून मीटरपर्यंत प्रत्येक वस्तू क्रमाने दिसली पाहिजे: स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) किती पॅनेल, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या उसळीपासून संरक्षण), इन्व्हर्टर, एसी ब्रेकर, लागत असेल तिथे आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारं उपकरण), मीटर, अर्थिंग. आणि केबलचा आकार, लांबीसकट. लांबी का, ते हिशोबातूनच दिसतं. ५ किलोवॉट, २३० व्होल्ट म्हणजे सुमारे २१.७ अँपिअर. इन्व्हर्टर ते मीटर ३० मीटर, ४ चौरस मिमी तांब्याची तार. तिचा रोध किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, जाऊन-येऊन ६० मीटरचा ०.२८ ओहम. म्हणजे इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज मीटरपेक्षा ६ व्होल्टने जास्त. वरची मर्यादा २३० अधिक १० टक्के, म्हणजे २५३ धरली आणि दुपारी मीटरपाशी २४८ असेल, तर इन्व्हर्टरला २५४ दिसतात आणि तो भर उन्हात सुटतो. लोक कंपनीला आणि विक्रेत्याला बोल लावत राहतात. तीच तार १० चौरस मिमी घेतली तर वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते. हा हिशोब आराखड्याच्या कोपऱ्यात लिहून टाका. तपासणाऱ्याचा एक प्रश्न तिथेच मिटतो.

डीसी बाजूचाही एक आकडा द्या: थंडीतलं स्ट्रिंग व्होल्टेज. ४९.५ व्होल्टची १० पॅनेल म्हणजे २५ अंशांना ४९५. तापमान गुणांक (अंशामागे व्होल्टेज किती बदलतं ते) उणे ०.२८ टक्के असेल तर ० अंशांना ५३० च्या आसपास. ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालतं. आणखी २ पॅनेल त्याच स्ट्रिंगमध्ये घातली तर ६३५, आणि इन्व्हर्टर पहिल्याच थंड सकाळी जळू शकतो.

मागितलेली क्षमता तारेला झेपत नाही असं उत्तर आलं, तर निर्यात मर्यादेचा (ठरावीक आकड्यापेक्षा जास्त वीज तारेवर न सोडण्याचा) पर्याय मान्य होतो का ते विचारा. मीटरजवळ सीटी (तारेतला प्रवाह मोजणारी कडी) बसवून इन्व्हर्टरला ठरावीक आकड्यावर रोखता येतं. सीटीवरचा बाण उलटा लागला किंवा ती भलत्याच फेजवर बसली की मात्र सगळं गणित उलटतं.

क्रमाबद्दल एवढंच: आधी मंजुरी, मग बसवणं. बऱ्याच ठिकाणी तोच क्रम सक्तीचा असतो. ब्रिटनमध्ये फेजला १६ अँपिअरपर्यंतच्या छोट्या जोडणीला चालू केल्यावर २८ दिवसांत कळवलं तरी पुरतं, पण ही सवलत सगळीकडे आहे असं धरून चालू नका. मंजुरीला मुदत असते, आणि ती एका विशिष्ट मॉडेलला दिलेली असते. ‘ते मॉडेल संपलं, हे त्याहून भारी आहे’ असं म्हणत विक्रेत्याने दुसरा इन्व्हर्टर आणला तर बसवण्याआधी सुधारित अर्ज करा.

बसवल्यावरच्या चाचण्या आयईसी ६२४४६-१ मध्ये आहेत: प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज आणि ध्रुवता (अधिक-उणे बरोबर आहे का), अर्थिंगची सलगता, इन्सुलेशन रोध. इन्सुलेशनसाठी १२० ते ५०० व्होल्टच्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टने तपासतात, त्यावरच्याला १००० ने, आणि किमान १ मेगाओहम यावा लागतो. स्ट्रिंग कुठल्या गटात मोडते ते ठरवताना तिचं २५ अंशांचं व्होल्टेज सव्वापट धरतात. वरची ४९५ वाली स्ट्रिंग त्यामुळे १००० च्या गटात जाते. अहवालात प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवेत. सगळ्या रकान्यांत ‘ठीक’ लिहिलेला अहवाल परत आला तर तक्रार करू नये.

दोन्ही दिशांनी मोजणारा नवा मीटर बसेपर्यंत सोलरचा मेन स्विच बंदच ठेवा. दोन्ही दिशांनी न मोजणारे काही इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरलेली म्हणून मोजतात. ‘चालवून बघू’ म्हणणाऱ्याला फुकट दिलेल्या विजेचंच बिल येतं. मीटर बसला की आलेल्या आणि गेलेल्या विजेच्या दोन्ही नोंदींचा त्याच दिवशी फोटो काढा, मीटर क्रमांक दिसेल असा. पुढे कधी वॉरंटीत इन्व्हर्टर बदलून मिळाला, अगदी त्याच मॉडेलचा, तरी अनुक्रमांक वेगळा असतो. तो कंपनीला लेखी कळवून पोच फाइलला लावा आणि नव्या यंत्रातला ग्रिड कोड पुन्हा तपासा.