कागदी लिंबू: डोळे फुटले, पण खैऱ्या आला

गच्चीवर रंगपूर लिंबाच्या रोपावर (खुंटावर) कलम करून भरलेले कागदी लिंबाचे डोळे, म्हणजे कळ्या, फुटल्याचं मागे लिहिलं होतं. जोड मस्त जुळलाय, पट्टी सोडल्यावर भेग शोधावी लागते. पण वीतभर वाढलेल्या त्याच फुटव्यांवर आता खैऱ्या (कँकर) हा ठिपक्यांचा रोग दिसतोय. आधी पिनच्या टोकाएवढा तेलकट ठिपका, मग तो फुगून खरबरीत होतो, भोवती पिवळं वलय. पान उलटं केलं तरी त्याच जागी उंचवटा बोटाला लागतो. खात्रीसाठी ठिपक्याची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि भाचीच्या मायक्रोस्कोपखाली पाहिली. कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघत होता. म्हणजे जिवाणूच, बुरशी नाही.

डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, जिथून आणली त्या नर्सरीत ती ज्या झाडाची असते तो मातृवृक्ष बघूच देत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. कागदी खैऱ्याला सगळ्यात लवकर बळी पडतं, तिथे काडी आंधळेपणाने का घ्यायची? पण सगळं काडीवरही ढकलता येत नाही. बरेच ठिपके पान आतून पोखरणाऱ्या नागअळीच्या वेड्यावाकड्या रेषांवरच आहेत, काही काट्यांनी टोचलेल्या जागी. नाशिकचा वाऱ्याचा पाऊस, कोवळी पालवी आणि पानावर जखम, जिवाणूला आणखी काय हवं? त्याच बाकावरची मोसंबी मात्र अजून स्वच्छ आहे, याचा फार आनंद वाटतो.

उघडीप मिळताच रोगट फुटवे ठिपक्यांच्या बरेच खालून कापून जाळले. दर झाडानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसली. ब्लीचने पातं गंजतं, म्हणून मी ते वापरत नाही. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध फवारलं, लिटरला ३ ग्रॅम. त्याने जुने ठिपके जात नाहीत, नवी पानं वाचतात, म्हणून पालवी निघतानाच फवारायचं. स्ट्रेप्टोसायक्लिन सुचवणारे बरेच भेटले, पण घरच्या गच्चीवर अँटिबायोटिक नकोच.

आता काटे छाटायचे आणि नव्या पालवीवर निंबोळी तेल, एवढंच ठरलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं: इथले काही द्राक्षवाले बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात, तसं बाकावर का नको? बाजू उघड्या ठेवायच्या, पानं कोरडी राहिली की निम्मं काम झालं. सांगाडा याच रविवारी उभा करतो.

उरलेल्या खुंटांवर कागदी भरणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही लिंबाची जात खैऱ्याला बरीच सहनशील आहे, तीच हवी. पाऊस संपल्यावर भरेन. कोणाकडे डोळकाडी असेल तर मूळ झाडाच्या पानांचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी पाठवा.