धावतो म्हणून चालतं, असं मला वाटायचं

मी रोज सकाळी ५ किलोमीटर धावायचो आणि दिवसभरात आठ-दहा सिगारेटी ओढायचो. एकोणिसाव्या वर्षी लागलेली सवय चोविसाव्या वर्षीही तशीच होती. मनात एक हिशोब पक्का बसला होता: सकाळी धावून जे कमावतो, त्यातून दिवसभराचा धूर वजा होतो. माझ्याबरोबर धावणारा मित्रही ओढायचा, त्यामुळे हा हिशोब तपासून बघावा असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

ती वेळ खोकल्याने आणली. सर्दी बरी होऊन दीड महिना झाला तरी सकाळचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, लिहून दिली. तपासणीच्या कागदावर सूचना होती की आधी किमान तासभर सिगारेट ओढू नये आणि जोराचा व्यायामही करू नये.

नुसतं नळीत फुंकायचं, त्यात काय, असं मला वाटलं होतं. पण स्पायरोमेट्री चांगलीच दमवते. नाकाला चिमटा लावतात, छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायला लावतात आणि मग एका झटक्यात तो बाहेर फेकायचा. फेकून झालं तरी थांबायचं नाही, आत काही उरलं नाही असं वाटल्यावरही फुंकत राहायचं. तंत्रज्ञ बाई शेजारी उभ्या राहून “अजून, अजून, अजून” म्हणत होत्या. किमान तीन प्रयत्न नीट व्हावे लागतात आणि त्यातले सर्वांत चांगले दोन एकमेकांशी जुळावे लागतात. मला पाच वेळा फुंकावं लागलं. मग श्वासनलिका रुंदावणारं औषध पंपातून दिलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

या तपासणीत दोन आकडे महत्त्वाचे. जोर लावून एकूण किती हवा बाहेर टाकता आली हा एक, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती गेली हा दुसरा, त्याला एफईव्ही-१ म्हणतात. औषधानंतरही या दोहोंचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनलिकांत अडथळा आहे असं धरतात. माझं ०.७९ आलं. एफईव्ही-१ माझ्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून जितका अपेक्षित असतो त्याच्या ९२ टक्के. एक्स-रेही स्वच्छ. मी बाहेर येऊन आधी एक सिगारेट पेटवली आणि मग डॉक्टरांकडे गेलो.

त्यांना वास आलाच असणार. “रिपोर्ट चांगला आहे, पण यावर विसंबू नका,” ते म्हणाले. धुराची इजा सुरुवातीला होते ती २ मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेल्या श्वासनलिकांत. या नलिका इतक्या असंख्य असतात की त्यातल्या बऱ्याच बिघडल्या तरी फुंकण्याच्या तपासणीत फारसं काही दिसत नाही. मग त्यांनी रिपोर्टच्या मागे पेनने दोन रेघा काढल्या. विशी ते पंचविशीच्या दरम्यान फुप्फुसांची ताकद सर्वांत जास्त असते, नंतर ती कमी होत जाते. न ओढणाऱ्याचा एफईव्ही-१ वर्षाला साधारण २० ते ३० मिलिलिटरने घटतो, ती सावकाश उतरणारी रेघ. ओढणाऱ्या अनेकांची रेघ जास्त वेगाने खाली जाते. सोडल्यावर गेलेलं बहुतेक परत येत नाही, पण घसरण न ओढणाऱ्यासारखी मंद होते. १९७७ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी मांडलेला हा आलेख छातीचे डॉक्टर अजूनही काढून दाखवतात.

“पण मी रोज धावतो,” मी म्हटलं. धावण्याने हृदय आणि स्नायू तयार होतात, फुप्फुसं धुतली जात नाहीत, असं त्यांचं उत्तर होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. ज्या रक्ताने पायांना ऑक्सिजन पुरवायचा, त्यातली काही जागा मी रोज स्वतःच अडवून ठेवत होतो. माझा हिशोब तिथे मोडला.

तारीख ठरवून सोडली. पहिली सिगारेट मी उठल्यावर तासाभराने, धावून आल्यावर ओढायचो, म्हणून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम सांगितला. उठल्या उठल्या अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना ४ चा देतात. हा गम सारखा चघळायचा नसतो. झणझण सुरू झाली की गालात दाबून ठेवायचा, ती ओसरली की पुन्हा चावायचा. मी पहिल्या दिवशी चघळत बसलो आणि उचक्या लागल्या. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप तुकड्यातुकड्यांत. तलफ आली की मी उठून दहा मिनिटं झपझप चालायचो. चालताना ती खरोखरच ओसरायची. व्यायामाचा माझ्या फुप्फुसांना झालेला सर्वांत मोठा उपयोग मी हाच मानतो.

दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला, कफ पडायला लागला. मी घाबरून फोन केला. श्वासनलिकांतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात, ते पुन्हा हलायला लागले की साचलेलं वर ढकलतात, असं समजलं. महिनाभरात खोकला कमी झाला. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी दोन सिगारेटी ओढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गम घेतला आणि सोडल्यापासूनच्या दिवसांची मोजणी पुढे चालू ठेवली. ती एकापासून सुरू केली असती तर मी टिकलो नसतो.

धावण्यात फरक दिसायला तीन महिने लागले. चढावर थांबावं लागेना, धावता धावता बोलता येऊ लागलं.

वर्षाने पुन्हा फुंकलो. एफईव्ही-१ ९३ टक्के. हिरमुसलोच. एका टक्क्याचा फरक तर एकाच बैठकीतल्या दोन फुंकांतही पडतो. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागून घेतला, मागच्या वरच्या रेघेवर एक टिंब काढलं आणि म्हणाले, “इथेच राहायचंय.” ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचं त्यांनी सांगितलं. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीच्या आसपास सोडणाऱ्यांचा तो तोटा जवळजवळ सगळा टळला.

मित्राने मागच्या आठवड्यात तपासणीची वेळ घेतली. तो अजून ओढतो. मी त्याला म्हटलं, “जाऊन ये. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर बाहेर पडायच्या आधी मला फोन कर.”