ताण मोजताना: बोट आणि प्रश्नावली

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत जाऊन ताण मोजायचा, तर बोटाला क्लिपने लावायचा नाडीचा सेन्सर आणि प्रश्नावली दोन्ही हवीत. माणसाला आधी 5 मिनिटं शांत बसू द्या, मग 5 मिनिटं नोंद घ्या. बोट गार असलं की नाडीची लाट चपटी येते. तळहात चोळून ऊब आणा. क्लिप फार घट्ट बसली तरी लाट चपटीच.

खरी फसगत प्रश्नावलीत होते. पीएसएस-10 म्हणजे माणसाला जाणवणारा ताण मोजणारी 10 प्रश्नांची प्रश्नावली. तिच्यातले 4, 5, 7 आणि 8 क्रमांकाचे प्रश्न उलटे आहेत, म्हणजे तिथे मोठा आकडा कमी ताण दाखवतो. तिथे 0 चे 4, 1 चे 3 असे गुण फिरवल्याशिवाय बेरीज करूच नका. मराठी भाषांतर दुसऱ्या कुणाकडून तरी परत इंग्रजीत करून घ्या, मगच छापा. ‘ताण’ ऐकून एखाद्या आजींनी मानेवर हात ठेवला, तर अर्थ तिथेच सरकलेला असतो.