पाठकोरे

आमच्या घरात कोरा कागद मागितला तर मिळायची पंचाईत, पाठकोरे मात्र हवे तेवढे. विजेचं बिल, सोसायटीच्या सभेची नोटीस, मुलीच्या शाळेची सूचना, काहीही असो. एक बाजू रिकामी दिसली की आई त्याचे घडी घालून चार तुकडे करते आणि फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकते. फाडण्याआधी एकच प्रश्न, "अरे, याच्या मागे काही कामाचं नाही ना?" मी मान वर न करताच 'नाही' म्हणतो. म्हणायचो. फर्नांदो पेसोआच्या कागदांबद्दल वाचायला लागलो तेव्हापासून कागद उलटून बघायची खोड लागली आहे.

हा लिस्बनचा कवी. बालपण दक्षिण आफ्रिकेत दरबानला गेलं, त्यामुळे इंग्रजी पक्कं. त्या जोरावर लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रं इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहून द्यायची, हा पोटापाण्याचा उद्योग. हयातीत त्याचं पोर्तुगीज कवितेचं एकच पुस्तक निघालं, १९३४ साली, 'मेन्साजेम'. (त्यात गोवा जिंकणारा आल्बुकेर्कसुद्धा एका कवितेत उभा आहे.) पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९३५ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. मागे राहिली एक लाकडी पेटी, आणि पेटीत २५,००० हून जास्त कागद.

आकडा मोठा आहेच, पण मला जास्त भुरळ पडली ती त्या कागदांच्या जातकुळीची. पेढ्यांचे छापील नाव असलेले कागद, लिफाफे, जाहिरातींची पत्रकं, कॅफेमधले कागद, स्वतःच्याच जुन्या लिखाणाची मागची बाजू. थोडक्यात, पाठकोरे! कुठे कविता, कुठे कुंडली, कुठे कधीच न निघालेल्या पुस्तकांच्या याद्या. काही ओळींत मधेच मोकळी जागा सोडलेली: योग्य शब्द सुचला की भरू. काही ठिकाणी एका शब्दाच्या डोक्यावर दुसरा शब्द, आणि पहिला खोडलेलाच नाही. दोन्ही राहू देत, नंतर बघू. हे 'नंतर बघू' वाचून मला फार आपुलकी वाटली. माझ्या टेबलाच्या खणात दुसरं काय आहे?

त्याच पेटीत एक पुस्तकही होतं, म्हणजे पुस्तक व्हायचं राहिलेले काही शे तुकडे. बेर्नार्दो सोआरेस नावाचा एक साहाय्यक हिशेबनीस, लिस्बनच्या रुआ दोस दोउरादोरेस या रस्त्यावरच्या पेढीत दिवसभर खतावणी भरतो आणि स्वतःच्या अस्वस्थपणाची टिपणं काढतो. हा सोआरेस अर्थातच पेसोआने बनवलेला. त्याची बरीच माणसं अशी: मेंढपाळी थाटाचा अल्बेर्तो काएरो, डॉक्टर रिकार्दो रेइस, इंजिनियर आल्वारो द कांपोस. प्रत्येकाची शैली वेगळी, स्वभाव वेगळा. 'पेसोआ' या आडनावाचा पोर्तुगीजमधला अर्थ 'व्यक्ती' असा आहे, हे कळल्यावर मला हसूच आलं. तर या 'अस्वस्थतेच्या पुस्तका'च्या तुकड्यांवर तो आद्याक्षरं टाकून ठेवायचा. पण एका चिठोऱ्याच्या माथ्यावर काय लिहिलंय? आल्वारो द कांपोसचं (?), किंवा अस्वस्थतेचं पुस्तक, 'किंवा आणखी काही'. लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही की हे त्याच्यातल्या कुणी लिहिलं.

मग संपादकांनी काय करावं? पुस्तक पहिल्यांदा निघालं १९८२ साली. ४७ वर्षं जगलेल्या माणसाच्या पुस्तकाला बाहेर यायला आणखी ४७ वर्षं लागली. नंतरच्या प्रत्येक संपादकाने तुकडे आपापल्या क्रमाने लावले. कुणी विषयावरून, कुणी काळावरून, कुणी चक्क कानावर विश्वास ठेवून. बाजारात या एकाच नावाची जी पुस्तकं आहेत ती एकाच क्रमाने वाचता येत नाहीत. अभ्यासकांत यावरून चांगली जुंपते म्हणे. मला विचाराल तर ज्याला जिथे उघडेल तिथून वाचू द्यावं. सोआरेसची कुठे हरकत असणार आहे?

आता गंमत पाठकोऱ्यांची. बहुतेक तुकड्यांवर तारीखच नाही. मग ते केव्हाचे, हे ठरवायला लोक कागदाची जात बघतात, शाई बघतात, टाइपरायटर कुठला ते बघतात, आणि मागच्या बाजूला कुणाचं काय छापलंय तेही बघतात. म्हणजे त्याने निरुपयोगी म्हणून उलटी केलेली बाजूच आता साक्षीला येते. १९७९ साली पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हा संग्रह विकत घेतला. पानापानाला क्रमांक आहे. पुढे २००९ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं. आमच्या डब्यातले पाठकोरेही आता मी जरा आदराने बघतो, हे सांगून ठेवतो.

आणि कागद माणसाचं खोटंही पकडतात. मरणाआधी काही महिने, १३ जानेवारी १९३५ च्या पत्रात पेसोआने एका मित्राला सांगितलं की ८ मार्च १९१४ ला आपण एका उंच खणांच्या कपाटाजवळ गेलो, कागद घेतला, उभ्याउभ्याच लिहायला लागलो आणि काएरोच्या तीसेक कविता एकापाठोपाठ एक उतरल्या. काय सुरेख गोष्ट! पण इवो कास्त्रो या अभ्यासकाने त्या कवितांची वही तपासली, तर लेखण्या वेगवेगळ्या, दिवस वेगवेगळे, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. मला ही पकड आवडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पेसोआने ती वही फाडलीही नाही. जपून ठेवली.

हा लेख मी सुरू केला तो गेल्या महिन्याच्या विजेच्या बिलामागे. पहिला परिच्छेद झाला आणि चहाला उठलो. परत आलो तर टेबल मोकळं.

"अगं आई, इथला कागद?"

"तो होय? खाली जागा होती, त्यावर यादी केली. शेंगदाणे, गूळ, रवा."

"आणि वर लिहिलं होतं ते?"

"ते वरच आहे की. मी कशाला खोडू?"

खाली धावलो. वाण्याने सामान बांधून दिलं होतं आणि यादी सवयीप्रमाणे गल्ल्याशेजारच्या तारेला टोचली होती. परत मागायला धीर झाला नाही. आमची उधारी त्याच तारेवर असते. वरचा परिच्छेद आठवून लिहिला आहे. तिथला जास्त बरा होता.