रोजच्या गाडीला हाइम जॉइंट, आणि सरळ ड्रिल मारलेला टेपर

ऑफ-रोड गाडीवाला माणूस "स्टेअरिंगला हाइम लावू का टाय रॉड एंड" असं विचारतो तेव्हा तो खरं तर विचारत नसतो, फोटो बघून हाइमच लावायचे हे त्याचं घरीच ठरलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची. (दोन्ही म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकाला बसणारे, गोळ्यावर हलणारे जॉइंट.) दिसतातच हाइम तसे. जाड, चकचकीत, सगळा कारभार उघड्यावर. त्यांच्या शेजारी टाय रॉड एंड म्हणजे काळ्या रबराखाली लपलेली एक गोळी, तिचा कोण फोटो काढणार.

ही गाडी मात्र हाइम लावूनच आली होती. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर), चार इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच केलेली), ३५ इंची टायर, आठवडाभर ऑफिस आणि मुलांना सोडणं-आणणं, सुट्टीला चिखल. तक्रार अशी की स्टेअरिंग सरळ असताना हातात टक् टक् लागतं आणि हायवेला गाडी सारखी धरून ठेवावी लागते. आमच्याकडे यायच्या आधी अलाइनमेंट झालेलं, बॅलन्सिंग झालेलं आणि कुणीतरी नवाकोरा स्टेअरिंग डॅम्पर टाकून दिलेला. डॅम्परने प्ले, म्हणजे जॉइंटमधला ढिलेपणा, जात नाही, फक्त कळायला उशीर होतो, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना समजत नाही असं मला वाटत नाही. समजतं, तरी विकतात.

आता प्ले बघायचा कसा, तर बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर घेतात, चाक दोन्ही हातांनी हलवतात आणि "ओके आहे" म्हणून सोडतात. ती अर्धीच तपासणी झाली. चाकं जमिनीवर पाहिजेत, अंगावर वजन पाहिजे, इंजिन चालू, आत पोरगा बसवायचा आणि त्याला स्टेअरिंग थोडंथोडंच डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगायचं, आपण खाली आडवं होऊन एकेका जॉइंटवर हात ठेवत जायचा. डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. (बोट फटीत घालायचं नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.)

पिटमन आर्मकडच्या (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा हात) हाइममध्ये प्ले होता, तो अपेक्षितच होता. आतला गोळा आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये टेफ्लॉनचं पातळ अस्तर असतं, ते झिजलं की धातूवर धातू आपटायला लागतो. आणि मालकाने प्रेमाने, प्रत्येक वेळी गाडी धुतल्यावर, सगळ्या हाइमना ग्रीस चोपडलेलं. अस्तरवाल्या हाइमला ग्रीस नको असतं हो. वरून लावलेलं ग्रीस बारीक वाळू धरून ठेवतं आणि मग ती अक्षरशः वाल्व्ह घासायची पेस्ट होऊन बसते. मूळ ही चीज विमानांच्या कंट्रोलसाठी आलेली, पुढे रेसिंगवाल्यांनी उचलली, तिथे प्रत्येक रेसनंतर कुणीतरी बॅटरी घेऊन ती बघतो, सैल वाटली की फेकून नवी लावतो. आठवड्यातून पाच दिवस पावसापाण्यात ऑफिसला जाणाऱ्या गाडीखाली कोण जाऊन बघतं?

कुणाला वाटेल एवढ्याशा प्लेने काय होतंय. हिशोब करून बघा. स्टेअरिंग आर्म (चाक वळवणारा हात) साधारण १५० मिलिमीटर धरा, तिथे १ मिलिमीटर प्ले म्हणजे चाकापाशी ०.४ अंशाच्या आसपास. स्टेअरिंग बॉक्सचा रेशो १६ धरला (चाक एक अंश वळायला स्टेअरिंग सोळा अंश) तर स्टेअरिंगवर ६ अंश, म्हणजे रिमच्या कडेला जवळजवळ दोन सेंटिमीटर हात फिरतो आणि चाकाला पत्ताच नसतो. हे ड्रॅग लिंकचं, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं झालं. टाय रॉडमध्ये, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यात, प्ले असेल तर त्याहून वाईट, कारण मग स्टेअरिंग हातात घट्ट लागतं आणि पलीकडचं चाक आपल्या मर्जीने टो (आत-बाहेर रोख) बदलत राहतं. माणूस म्हणतो गाडी भटकते, आणि अलाइनमेंटवाला दर वेळी वेगळा आकडा काढून देतो.

इथपर्यंत रोजचंच होतं. पण टाय रॉडवर हात ठेवला तर हाइम हलतच नव्हता, अख्खा बोल्टच नकलच्या (चाक धरून वळणारा तुकडा) भोकात हलत होता.

बोल्ट काढला. टोकापासून डोक्यापर्यंत पूर्ण आट्यांचा, डोक्यावर ग्रेडची एक रेघ नाही. अशा जागी बोल्टचा सपाट भाग भोकात बसला पाहिजे आणि आटे भोकाच्या बाहेर सुरू झाले पाहिजेत, इथे आटेच आत. भोकात बॅटरी मारली तर एका बाजूला बोल्टच्या आट्यांचे ठसे एकाखाली एक, कानशीने घासावेत तसे, चांदीसारखे चमकणारे, आणि समोरच्या बाजूला गंज. भोक लंबगोल. व्हर्नियर आडवा आणि उभा धरला की फरक सरळ दिसत होता.

आणि ते भोक मुळात टेपरचं होतं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. टाय रॉड एंडचा स्टड निमुळता असतो, बऱ्याच गाड्यांना फुटाला दीड इंच टेपर, म्हणजे साधारण ७ अंश. नट आवळला की स्टड त्या शंकूत असा रुततो की नट काढल्यावरसुद्धा बाजूने हातोडा मारल्याशिवाय सुटत नाही. तिथे हलायला जागाच नसते. गाडी डिझाइन करणाऱ्याने फुकट दिलेली ही गोष्ट, आणि हाइमचा बोल्ट सरळ असतो म्हणून कुणीतरी तिच्यातून सरळ ड्रिल आरपार मारलं होतं. हँड ड्रिलने, मागे रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) न फिरवता, त्यामुळे भोक पहिल्या दिवसापासूनच मोठं. वर हाइम एकाच बाजूने धरलेला, खालून आधार नाही, आणि कोन मिळावा म्हणून उंच स्पेसर लावलेले. त्या स्पेसरने दोन गोष्टी होतात. ३/४ इंचाच्या हाइममध्ये बोल्ट ५/८ चाच मावतो, आणि गोळा आर्मपासून लांब जातो, म्हणजे बारीक बोल्टवर लांबून लिव्हर. प्रत्येक खड्ड्यात तो वाकायचा प्रयत्न करणारच.

राग याचा येतो की ज्याने हे केलं त्याचं वेल्डिंग बघण्यासारखं होतं. टाय रॉडची जाड भिंतीची ट्यूब, टोकाला व्यवस्थित बसवलेले आटेवाले बुश, एका बाजूला उलटे आटे, चेक नट, सगळं नीट. हाताला कसब आहे आणि ते भोक करताना पाच मिनिटं विचार केला नाही.

मालकाला खाली बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, पण हाइमची ताकद जास्त असते ना? किती टन लोड घेतो ते लिहिलेलं असतं." मी म्हटलं असते ना, हाइम तुटलेलाच नाही, ज्यात बसवलाय ते तुटत चाललंय. हाइमच लावायचा होता तर वरून-खालून दोन्हीकडून धरणारा ब्रॅकेट पाहिजे होता, रीमरने साइजला आणलेलं भोक, मापाचा सपाट भाग असलेला चांगल्या ग्रेडचा बोल्ट, आणि गोळा निसटला तर रॉड खाली पडू नये म्हणून मोठा वॉशर. एवढं सगळं करून वर दर महिन्याला खाली वाकून बघणारा मालक. तो हसला, म्हणाला हे शेवटचं जमणार नाही. प्रामाणिक माणूस.

मग परत टाय रॉड एंडवर यायचं ठरलं, आणि इथेच मेख होती, कारण सरळ केलेलं भोक पुन्हा टेपर होत नाही. दुसऱ्या बाजूच्या नकलचं भोक गोल होतं, त्यात टेपरची स्लीव्ह (आतून टेपर असलेली नळी) बसवता आली. लंबगोल भोकात स्लीव्ह बसवायची तर ते आधी इतकं मोठं करावं लागलं असतं की आर्मच्या कडेला भिंतच उरली नसती. "वेल्डने भरून परत ड्रिल मारू" अशी सूचना आलीच, मालकाने मित्राला फोन लावला होता आणि मित्राला सगळं माहीत असतं. स्टेअरिंग नकलवर आम्ही वेल्ड करत नाही, विषय संपला. नकल बदलला. गाडी त्या रात्री आमच्याकडेच राहिली, किल्ली मी दिली नाही, आणि त्यावरून जी बोलाचाली झाली ती इथे लिहीत नाही.

जॉइंट घेतले जुन्या जीएम वन-टन ट्रकच्या मापाचे, ७/८ इंच शँक (आट्यांचा दांडा), इंचाला १८ आटे. ऑफ-रोडवाले हे वर्षानुवर्षं वापरत आलेत, जाड आहेत, सहज मिळतात, बूट, म्हणजे वरचं रबर, वेगळा मिळतो. स्टड मोठा म्हणून दोन्हीकडचा टेपर रीमरने वाढवावा लागतो, आणि ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. थोडं फिरवायचं, काढायचं, पुसायचं, स्टडला ब्लू (ठसा बघायचा निळा रंग) लावून आत बसवून बघायचा. ब्लू सगळीकडे सारखा उमटला पाहिजे, नुसता वरच्या कडेला उमटला तर स्टड त्या कडेवरच डुगडुगणार. एक फेरा जास्त झाला की स्टड खोल जातो आणि कॅसल नट खाली टेकतो, मग टॉर्क लागतो पण टेपर धरत नाही. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे आणायचा नाही. कितीजण मागे आणतात ते विचारू नका.

आता काकांचं. आमचे मोठे मिस्त्री, कमी बोलतात. ड्रॅग लिंकच्या वरच्या टोकाला तरी हाइम ठेव म्हणाले. टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच वर-खाली होतो, त्याच्या जॉइंटना कोन फारसा लागत नाही. ड्रॅग लिंकचं एक टोक चासीवरच्या बॉक्सला, दुसरं अ‍ॅक्सलला, त्यामुळे सगळा कोन तिथे, आणि चार इंच लिफ्टवर टाय रॉड एंडचा स्टड सॉकेटच्या काठाला घासला तर एक दिवस मानेत तुटेल. मुद्दा खोटा नव्हता. चासी उचलून अ‍ॅक्सल शॉक अडेपर्यंत खाली लोंबकळू दिला, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तर एका टोकाला खरंच काठ लागत होता. पण दोष जॉइंटचा नव्हता, दोन टोकांचे स्टड एकमेकांशी तिरपे आवळले गेले होते. ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची स्लीव्ह ढिली करून दोन्ही एंड आपापल्या मधोमध आणून परत आवळले आणि घासणं गेलं. ड्रॅग लिंक पॅनहार्ड रॉडला (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) समांतर आहे ना तेही बघून घेतलं, नाहीतर खड्ड्यात गाडी स्वतःच वळते.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. हात पुसत म्हणाले, "तो आला कशामुळे? आवाजामुळे. हाइम बोंबलला म्हणून आला. तू आता त्याला जो जॉइंट लावलास तो बूट फाटल्यावर आत पाणी पिऊन गप्प बसेल, आणि तो माणूस खाली बघणार नाही हे त्याने तुझ्या तोंडावर सांगितलंय."

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आवाज हाइमने केला हेही अर्धंच खरं, अर्धा बोल्टने केला. बूट शाबूत असेपर्यंत टाय रॉड एंड वर्षानुवर्षं जातो आणि दर सर्व्हिसला ग्रीस निपलवर गन लावली की त्यानिमित्ताने कुणाचा तरी हात जॉइंटवर जातो, एवढंच माझं म्हणणं. पण बूट दगडावर, फांदीवर कधीही फाटू शकतो, आणि झिजून झिजून गोळी सॉकेटमधून बाहेर आली तर त्या चाकाचा आणि स्टेअरिंगचा संबंध संपला. रोजच्या गाडीला मी पुन्हाही हेच लावीन. काका म्हणतात लाव, पण झोप कशी लागते ते सांग.

बिलावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ५००० किलोमीटरला किंवा प्रत्येक चिखलाच्या ट्रिपनंतर, जे आधी होईल ते, बूट बघून घ्या, फाटलेला दिसला तर त्याच दिवशी आणा. परवा मीच फोन केला. म्हणाला, दोन ट्रिपा मारल्या, एकदम मक्खन, काही आवाज नाही दादा, मग कशाला आणू? मी म्हटलं आवाज नाही म्हणूनच आणा. शनिवारी बघतो म्हणालाय.